बार्शी लाईटची जुनी वाट कुणाच्या बांधात जाणार?

बार्शी लाईट गेली आणि ब्रॉडगेज आली तेव्हा सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली या चारही जिल्ह्यांत आनंद झाला. व्हायलाच हवा होता. लातूरचा माणूस मुंबईला एका गाडीत बसून जाऊ लागला, मालगाड्या सरळ धावू लागल्या. अडीच फुटी रुळावरची ती गाडी इतकी सावकाश जायची की पोरे चालत्या डब्यातून उतरून पुन्हा चढायची, असे म्हातारी माणसे आजही हसत सांगतात. त्या गाडीसाठी रडावे असे काही नाही.

प्रश्न गाडीचा नाही, जमिनीचा आहे. रुंदीकरणात बराचसा नवा मार्ग जुन्याच्या अंगावरून किंवा शेजारून गेला. पण सगळीकडे तसे झाले नाही. जुनी लाईन बार्शीहून कुसळंब, पांगरी करत रामलिंगच्या घाटातून येडशीला चढायची. तिने तेव्हाचे उस्मानाबाद शहर बाजूला टाकले होते. नव्या लाईनने ते शहर जोडले आणि त्यासाठी घाटातला जुना मार्ग सोडून दिला. म्हणजे डोंगर फोडून केलेली वाट, मातीचा भराव, दगडी मोऱ्या हे सगळे मागे राहिले आणि रूळ तेवढे उचलले गेले. इतरत्रही वळण सरळ करताना, स्टेशन हलवताना असे तुकडे सुटले.

ही जमीन कुणाची? कागदावर सरकारची. प्रत्यक्षात कुणाची, ते दहा-वीस वर्षांनी कळेल. तोपर्यंत बाभळी वाढतील, मोऱ्यांचे दगड कुणाच्या तरी विहिरीच्या बांधकामाला जातील, आणि शेजारचा मोठा शेतकरी दरवर्षी नांगराचे एक तास पुढे टाकेल. गावात याला बांध कोरणे म्हणतात. बांध कोरायला ट्रॅक्टर लागतो, तलाठ्याशी ओळख लागते आणि कुणी हटकले तर दम द्यायला माणसे लागतात. आपल्या वस्तीतल्या माणसाकडे यातले काय आहे?

म्हणून या लेखात एक मागणी मांडतो. बार्शी लाईटचे जे जे तुकडे मोकळे झाले आहेत ते मोजा, सार्वजनिक म्हणून जाहीर करा, आणि गावरस्त्यांनी एकमेकांना जोडून कुर्डुवाडीपासून बार्शी, पांगरी, रामलिंग, येडशीमार्गे कसबे तडवळ्यापर्यंत पायी चालायची एक लांब वाट करा. वाट सर्वांसाठी असावी, पण ती कुणाच्या घामाने झाली आणि तिचा इतिहास काय, हे लपवू नये.

आधी ही लाईन काय होती ते पाहू

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे उभी केली. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली. रूळ दोन फूट सहा इंचांचे. हलक्या रुळावर, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू न देता जास्तीत जास्त माल कसा न्यावा, याचा हिशेब त्याने इथे सिद्ध करून दाखवला. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. त्यानंतर एका बाजूने पंढरपूर, दुसऱ्या बाजूने तडवळे आणि १९११ मध्ये लातूर जोडले गेले. १९२७ मध्ये लाईन मिरजेला पोचली आणि तिची एकूण लांबी दोनशे मैलांवर, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकात रुंदीकरणाने तिचा शेवट झाला.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, पहिला टप्पा सुरू झाला ते १८९६-९७ चे दुष्काळी साल होते. त्या काळी या भागात पोटासाठी माती वाहायला कोण येत असे, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. दोन, १९५४ मध्ये ही रेल्वे जनतेच्या पैशाने विकत घेतली गेली. त्या पैशात बिडी ओढणाऱ्याचाही कर होता आणि मीठ खाणाऱ्याचाही. त्यामुळे तिच्या भरावाची इंच इंच जमीन सार्वजनिक आहे.

रुळावरून पहिला कोण चालला?

पायवाट म्हटले की डोळ्यांसमोर पाठीवर पिशवी लावलेला शहरी हौशी माणूस येतो. पण रेल्वेच्या वाटेवरून रोज चालणारा पहिला माणूस वेगळा होता. तो गँगमन. तो कीमन. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन, ऊन असो पाऊस असो, मैलामैलाने रूळ तपासत जाणारा. गाडी सुखरूप गेली ती त्याच्या पायांमुळे.

हा गँगमन बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असायचा? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही प्रसिद्ध मांडणी त्यांनी तिथेच केली. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा फारसा सांगितला जात नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. रुळावर चालायला चालतो, पण स्टेशनात चालत नाही! जीआयपी ही मोठी कंपनी, बार्शी लाईट छोटी. पण जात कंपनी बघून बदलत नव्हती.

आणि चालणे आपल्याला रेल्वेने शिकवले नाही. महार वतन म्हणजे तरी काय होते? सरकारी टपाल घेऊन दुसऱ्या गावी पळा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा, तालुक्याला वसुली पोचवा, कुणाच्या घरी मयत झाली तर पाच गावांत सांगावा द्या. रात्र असो, ओढ्याला पूर असो, निघायचे. पाय आपले, काम गावाचे, मोबदला मूठभर बलुते आणि तुकडाभर हाडकी. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते त्यांना पुढे नेता आले नाही. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणजे आपल्या समाजाइतका या मातीवर पायी कुणी चाललेला नाही. फरक एवढाच की आपण हुकमाने चाललो, मर्जीने नाही. मर्जीने चालायचा रस्ता असणे यात काय विशेष, असे ज्यांना वाटते, त्यांच्या आजोबाला कुणी घोड्यापुढे पळवलेले नसते.

मसूर आणि तडवळे

बाबासाहेबांच्या लहानपणीची १९०१ ची हकीकत सर्वांना माहीत आहे. भावंडांसोबत ते वडिलांना भेटायला निघाले. रेल्वेने मसूरला उतरले. स्टेशनापर्यंत कुणी जात विचारली नाही, तिकीट होते तेवढे पुरले. स्टेशनावर उतरल्यावर जात विचारली गेली आणि एकही गाडीवान पोरांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तोड निघाली. रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. या हकीकतीत रेल्वे दोषी नाही. दोषी आहे ती स्टेशनापासून गावापर्यंतची वाट.

चाळीस वर्षांनी, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, बार्शी लाईटवरच्या कसबे तडवळे गावात महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब तिला आले. ते याच छोट्या गाडीने आले आणि बैलजोड्या लावून त्यांची मिरवणूक निघाली, ही आठवण गावाने जपली आहे. मसूरला बैलगाडी नाकारली गेली, तडवळ्याला बैलगाड्या सजून उभ्या राहिल्या. मध्ये काय घडले? बार्शीतली १९२४ ची बहिष्कृत परिषद, महाड, नाशिक, पंढरपुरातली १९३७ ची परिषद. माणसे उभी राहिली म्हणून वाट बदलली.

तडवळ्याच्या परिषदेच्या नावातच महार आणि मांग एकत्र आहेत. आजच्या काळात, जेव्हा या दोन समाजांना एकमेकांविरुद्ध उभे करायचे उद्योग जोरात आहेत, तेव्हा त्या नावाची किंमत जास्त आहे. एखादी वाट तडवळ्याला जाऊन थांबावी असे मी म्हणतो त्याचे कारण हे आहे.

सरकारला चालणाऱ्यांसाठी वाट करता येत नाही का?

करता येते. पैसा आहे, अभियंते आहेत, इच्छा असली की सगळे आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि त्यात वारकऱ्यांना चालण्यासाठी रस्त्याच्या कडेने स्वतंत्र पायवाट ठेवण्यात आली. चांगले झाले. वारीत आपले लोकही चालतात, आणि ज्या चोखोबांनी मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करता करता भिंतीखाली जीव सोडला त्यांचीही समाधी पंढरपुरात आहे, भले महाद्वाराबाहेर असो. गांधीजींच्या दांडीयात्रेच्या वाटेलाही राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला. मग तडवळ्याच्या वाटेचे नाव काढले की निधी कसा संपतो?

आणि चालणाऱ्याला वाट नसली की काय होते तेही या महाराष्ट्राने पाहिले आहे. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले मजूर पोलीस अडवतील म्हणून रस्ता सोडून रुळावरून चालले. औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात थकून रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा माणसे गेली. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रुळावरून चालणारा हा घुसखोर असतो. या देशात मोटारीला महामार्ग आहे, गाडीला रूळ आहेत, विमानाला आकाश आहे. पायी चालणारा मात्र जिथे जाईल तिथे घुसखोर ठरतो.

जगात काय केले?

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे काय करायचे हा प्रश्न जगभर आला. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लाईन बंद झाली तरी तिची सलग पट्टी तोडायची नाही, पुढे कधी रेल्वे लागली तर उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवायची आणि तोवर लोकांना चालायला, सायकलीला द्यायची, अशी सोय त्यात आहे. मिसुरी राज्यातली केटी ट्रेल अशीच झाली. लहान लहान शेतकरी गावांमधून जाणारी जवळजवळ पावणेचारशे किलोमीटरची सलग वाट. स्पेनने १९९३ पासून बंद लाईनींच्या हिरव्या वाटा केल्या, त्यांची लांबी आज तीन हजार किलोमीटरच्या पुढे आहे. न्यूझीलंडच्या ओटागो भागात १५२ किलोमीटरची वाट २००० मध्ये खुली झाली आणि ओस पडत चाललेल्या खेड्यांत पुन्हा खाणावळी, मुक्कामाच्या खोल्या सुरू झाल्या.

तिथेही विरोध झाला आणि तो कुणी केला ते पाहा. लगतच्या जमीनमालकांनी. रेल्वे गेली म्हणजे जमीन आमची, लोक आमच्या शेतामागून कशाला फिरतील, असे म्हणत ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९० मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला आणि ज्याचा खरोखर हक्क जात असेल त्याला भरपाई मागायची मुभा ठेवली. म्हणजे लगतचा जमीनमालक अमेरिकेतही तोच आणि बार्शी तालुक्यातही तोच. फरक हा की तिथे कायदा आधी झाला. आपल्याकडे नांगर आधी फिरतो.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो वजनदार आहे. पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही फिरायला रस्ता काय मागता? त्यापेक्षा ही जमीन भूमिहीनांना वाटून टाका.

भूमिहीनांच्या जमिनीची लढाई ही आपल्या चळवळीची सर्वांत मोठी लढाई आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५३ मध्ये मराठवाड्यात, १९५९ मध्ये खानदेशात आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर ती लढवली, लाखोंनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची आपली अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय त्या लढ्याचेच फळ आहे आणि त्याची अंमलबजावणी आजही अर्धवट आहे. ती मागणी सोडायचा प्रश्नच नाही. पण रेल्वेची पट्टी गायरानासारखी नसते. ती काही पावलांची रुंद आणि मैलोनमैल लांब. नॅरोगेजचा भराव तर आणखी अरुंद, खडीने भरलेला. त्यावर कोणत्या कुटुंबाचे पोट भरेल? तुकडे पाडून वाटली तर दोन्ही बाजूंचा बडा शेतकरी वर्षभरात ते तुकडे खाऊन टाकेल. महार वतनाच्या जमिनी विकायला परवानगीची अट असूनही कुणाच्या घशात गेल्या, ते आपण पाहिले आहे. ही पट्टी सलग आणि सार्वजनिक राहिली तरच तिला किंमत आहे. भूमिहीनाला जमीन द्यायची तर कसण्याजोगी द्या, गायरान द्या, कमाल जमीनधारणा कायद्यातली वरकड द्या. रुळाखालची खडी देऊन त्याची बोळवण करू नका.

दुसरा आक्षेप: ही शहरी लोकांची चैन आहे. पुण्याहून महागड्या सायकली घेऊन लोक येतील, फोटो काढतील, निघून जातील. हा धोका खरा आहे. सरकारने हे काम पर्यटन कंपनीला ठेक्याने दिले तर दोन्ही टोकांना फाटक बसेल, तिकीट लागेल, वाटेत रिसॉर्ट उभे राहील आणि आपल्या बाया तिथे भांडी घासतील. म्हणून ही वाट आधी गावकऱ्यांची असली पाहिजे. शाळेला चालत जाणारी मुलगी, शेतमजुरीला पहाटे निघणाऱ्या बाया, बाजाराला जाणारा म्हातारा हे तिचे पहिले मालक. आज हीच माणसे डांबरी रस्त्याच्या कडेने, उसाच्या ट्रॅक्टरच्या आणि भरधाव जीपच्या धाकात चालतात. पाहुणे आले तर आनंदच आहे, पण वाट पाहुण्यांसाठी नाही.

तिसरा आक्षेप: लोकांना रेल्वे हवी, पायवाट नको. जिथे लोकांना गाडी हवी आहे तिथे गाडीच दिली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. विदर्भातली शकुंतला बंद ठेवून लोकांना ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे, तिथे कुणी पायवाटेचे गाजर दाखवू नये. इथे गोष्ट वेगळी आहे. गाडी नव्या मार्गाने धावते आहे. मागे उरलेल्या जमिनीचे बोलणे चालले आहे.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. रेल्वेच्या जागेत काही ठिकाणी झोपड्या असतात, आणि त्या बहुतेक आपल्याच लोकांच्या, भटक्या-विमुक्तांच्या असतात. सुशोभीकरणाच्या नावाने बुलडोझर पहिला तिथेच येतो. म्हणून पहिली अट हीच: एकही राहते घर मोडायचे नाही. घर आले तर वाट वळवा. वाट वळवता येत नसेल तर आधी घरकुल बांधून द्या, मग बोला. घर पाडून केलेल्या वाटेला आम्ही बाबासाहेबांचे नाव लागू देणार नाही.

रामलिंगच्या अभयारण्याचाही प्रश्न कुणी काढेल. जंगलात मोटारी आणि हॉटेले येत असतील तर विरोध योग्यच आहे. पण जिथून कोळशाच्या इंजिनाची गाडी वर्षानुवर्षे गेली तिथून दिवसाउजेडी माणूस पायी गेला तर मोराला फार त्रास होईल असे वाटत नाही. वनखात्याचे नियम पाळून, वाहनबंदी करून हे जमू शकते.

कायदा आपल्या बाजूने आहे

संविधानाचे कलम १५(२) पुन्हा एकदा उघडून वाचा. सरकारी पैशातून पूर्ण किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराला जातीवरून आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. विहिरी आणि तळी यांच्या पंक्तीला रस्ते बसवले आहेत ते उगाच नाही. ४ ऑगस्ट १९२३ च्या बोले ठरावात जनतेच्या पैशाने चालणारी पाणवठ्यांसारखी ठिकाणे सर्वांना खुली करण्याची जी गोष्ट होती आणि महाडला जी आपण रक्त सांडून खरी केली, तीच गोष्ट या कलमात देशाचा कायदा झाली. अॅट्रॉसिटी कायद्यातही सार्वजनिक वाट अडवणे हा गुन्हा आहे.

वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाता येते. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ ही आपल्याकडच्या वकिलांच्या रोजच्या वापरातली हत्यारे आहेत. आजवर ती बहुतेक शेतरस्त्यांच्या भांडणात, जमीनवाल्यांनी जमीनवाल्यांविरुद्ध वापरली. आपल्या वस्तीच्या स्मशानाची वाट अडते, प्रेत बांधावर ठेवून दोन दोन तास बसावे लागते, तेव्हा कायदा आठवतो. कायदा प्रेत उचलायच्या आधी आठवला पाहिजे. गावाच्या नकाशावर एक सार्वजनिक वाट मोजून, खुणा रोवून पक्की झाली, की दुसरी वाट मागायला बळ येते. बार्शी लाईटची वाट मागण्यामागचा माझा खरा हेतू हा आहे. ती वाट पक्की करताना पाणंद, शिवरस्ता, वस्तीरस्ता, स्मशानरस्ता या सगळ्यांची मोजणी मागता येईल.

मग मागायचे काय?

१. कुर्डुवाडी ते तडवळे आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर-मिरजेपर्यंत, नॅरोगेजच्या मोकळ्या झालेल्या सर्व जमिनीची रेल्वे आणि भूमी अभिलेख खात्याने संयुक्त मोजणी करावी. नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

२. मोजणी होईपर्यंत या जमिनीचा कुठलाही फेरफार, भाडेपट्टा किंवा विक्री करू नये.

३. ज्या ठिकाणी ब्रॉडगेज जुन्या जागेवरून गेली आहे, तिथे रुळाला खेटून वाट मागायची नाही. तिथे शिवरस्ते आणि पाणंद रस्ते दुरुस्त करून तुकडे जोडावेत.

४. काम रोजगार हमीतून व्हावे. माती आपण वाहिली तर मजुरी आपल्या हातात येऊ द्या, ठेकेदाराच्या नको. वाटेची देखभाल गावच्या माणसांकडे असावी आणि तिच्यात अनुसूचित जाती व भटक्या-विमुक्तांना हक्काचा वाटा असावा.

५. वाटेवर पाणी, सावली आणि बायांसाठी स्वच्छतागृह ठराविक अंतरावर असावे. पाण्याची टाकी कुणाच्या वाड्यात किंवा देवळाच्या आवारात नको, वाटेवर हवी. का, ते सांगायची गरज नाही.

६. चहा-नाश्त्याची आणि मुक्कामाची सोय महिला बचत गटांकडे द्यावी आणि दलित वस्तीतल्या गटांना त्यात डावलू नये. आमच्या हातचा चहा चालत नाही म्हणणाऱ्याने पुढच्या गावापर्यंत तहानलेले चालावे.

७. वाटेवरच्या प्रत्येक जुन्या स्टेशनाच्या जागी मराठीत माहितीफलक लावावा. त्यावर कॅलथ्रॉपचे नाव असू द्या, इंजिनांची माहिती असू द्या, पण गँगमनचे आणि माती वाहणाऱ्यांचेही काम लिहा. शेवटचा फलक तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेचा.

यातली एकही मागणी अवाढव्य खर्चाची नाही. महामार्गाच्या एका उड्डाणपुलात असल्या कितीतरी वाटा होतील. अडचण आहे ती इच्छेची, आणि इच्छा मागणाऱ्यांच्या संख्येवर ठरते.

चालणे हा आपला वारसा आहे

बुद्धांनी पंचेचाळीस वर्षे पायी चालून धम्म सांगितला. नामांतरासाठी १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला तेव्हा पोरांच्या पायांत धड चपला नव्हत्या. महाडच्या परिषदेच्या मंडपातून चवदार तळ्यापर्यंतचे अंतर फार नव्हते, पण ते चालायला आपल्याला हजारो वर्षे लागली. या समाजाला चालायला कुणी शिकवू नये. त्याला फक्त त्याच्या हक्काची वाट हवी आहे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. कुर्डुवाडी, बार्शी, पांगरी, येडशी, तडवळे या पट्ट्यातल्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा आणि ठराव करून घ्यावा. जुन्या लाईनचा गावातला पट्टा स्वतः चालून पाहा, मोऱ्या मोजा, कुठे नांगर शिरला आहे ते फोटोसह टिपून ठेवा, माहितीच्या अधिकारात मोजणीचा नकाशा मागा. घरात कुणी गँगमन, खलाशी म्हणून राबले असेल तर त्यांची माहिती लिहून काढा, नाहीतर त्या माणसांबरोबर ती मातीत जाईल. येत्या २२ फेब्रुवारीला रामलिंगच्या घाटातून तडवळ्यापर्यंत जेवढे जमेल तेवढे अंतर एकत्र चालू या. सरकारने वाट जाहीर करायची तेव्हा करेल. आपल्या पायांनी तिच्यावर वहिवाट पडली की मिटवायला जड जाते.

जय भीम!